नाताळाआधीचा आठवडा

सोमवार, १४ डिसेंबर २०२०. ब्रिटनचे तत्कालीन आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी संसदेत जाहीर केले की करोना विषाणूचा एक नवा प्रकार सापडला आहे, आग्नेय इंग्लंडात वेगाने वाढणाऱ्या संसर्गाशी त्याचा संबंध असावा, आणि बुधवारपासून लंडनवर त्या वेळचे सर्वांत कडक, म्हणजे तिसऱ्या श्रेणीचे निर्बंध लागू होतील. त्याच दिवशी त्यांचे सहकारी, शिक्षणमंत्री गॅविन विल्यमसन यांनी लंडनमधल्याच ग्रिनिच कौन्सिलला करोना कायद्याखाली आदेश काढला की शाळा सुरूच राहिल्या पाहिजेत. ग्रिनिचने आदल्या दिवशी आपल्या मुख्याध्यापकांना सांगितले होते, सोमवारी संध्याकाळी वर्ग बंद करा आणि नाताळाच्या सुट्टीपर्यंतचे उरलेले चार दिवस ऑनलाइन शिकवा. हे मागे घेतले नाही तर प्रकरण न्यायालयात जाईल, असा इशाराही मंत्रालयाने दिला. मंगळवारी ग्रिनिचने माघार घेतली.

एकच सरकार, एकच शहर, एकच दिवस. खानावळींना टाळे आणि शाळा सक्तीची.

वरवर पाहता हे भांडण चार दिवसांचे होते. प्रत्यक्षात ते हजारो घरांतल्या जेवणाच्या टेबलावर चालू होते. इंग्लंडात सप्टेंबर २०२० पासून शाळेची हजेरी पुन्हा सक्तीची झाली होती. परवानगीवाचून मूल घरी ठेवले तर पालकाला ६० पौंड दंड, २१ दिवसांत भरला नाही तर १२०. दंड हा शेवटचा उपाय, असे सरकारी सूचना म्हणत. पण शाळेकडून येणाऱ्या पत्राची भाषा काही ‘शेवटच्या उपायाची’ नसे. दुसऱ्या बाजूला याच सरकारने लोकांना शब्द दिला होता की २३ ते २७ डिसेंबर या पाच दिवसांत तीन कुटुंबांना एका छताखाली येता येईल. वर्षभर आजी-आजोबांना खिडकीबाहेरून हात हलवणारी नातवंडे त्यांच्या शेजारी बसून जेवणार होती. मग शुक्रवार १८ तारखेपर्यंत मुलाला तीस जणांच्या वर्गात पाठवायचे, आणि पुढच्या शुक्रवारी आजीच्या मांडीवर बसवायचे, हे कसे जमवायचे? की नाताळाआधीचा आठवडा, जमल्यास दोन आठवडे, मूल घरीच ठेवायचे आणि दंडाची तयारी ठेवायची?

इथे हिशेब मांडून पाहू. तो अवघड नाही.

विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत त्या काळच्या प्रकारांना साधारण पाच दिवस लागत. मार्च २०२० मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकातील अभ्यासाने हा मध्यक ५.१ दिवस असा काढला होता. ज्यांना लक्षणे येतात त्यांतल्या ९७.५ टक्के लोकांना ती साडेअकरा दिवसांच्या आत येतात, असेही त्यात होते. चौदा दिवसांच्या विलगीकरणाला या आकड्याने आधार मिळाला. (ब्रिटनने हा काळ चौदावरून दहा दिवसांवर आणला तोही नेमका १४ डिसेंबरपासूनच.) दुसरी गोष्ट, माणूस लक्षणे दिसण्याच्या सुमारे दोन दिवस आधीपासून दुसऱ्याला संसर्ग देऊ लागतो, आणि लक्षणे सुरू होण्याच्या आसपासचे दिवस सर्वांत धोक्याचे असतात.

आता हे दिनदर्शिकेवर ठेवा. शाळेच्या शेवटच्या दिवशी, १८ तारखेला, एखाद्या मुलाला लागण झाली. २१ च्या सुमारास ते संसर्ग देऊ लागेल. २३ ला खोकला-ताप येईल. आला तर, कारण अनेक मुलांना काहीच होत नाही. म्हणजे २५ तारखेच्या दुपारी, आजोबा त्याला जवळ ओढून फटाकडी कागदी नळी ओढायला लावतील तेव्हा, ते मूल आपल्या आजारपणाच्या सर्वाधिक सांसर्गिक टप्प्यात असेल आणि कोणाला त्याची कल्पनाही नसेल. शाळा ११ तारखेला सुटली असती तर तेच मूल १६ च्या आसपास आजारी पडले असते आणि नाताळापर्यंत बहुधा धोक्याबाहेर आले असते. एका आठवड्याचा फरक. पण तो ज्या जागी पडतो ती जागा पाहा. वर्षाच्या बावन्न आठवड्यांत वर्गात न बसण्यासाठी एकच निवडायचा असता, तर तो हाच निवडावा लागला असता.

या हिशेबाला एक भोक आहे, आणि ज्या पालकांनी मुले घरी ठेवली त्यांतल्या अनेकांच्या ते ध्यानात आले नसावे. दिवस मोजायचे ते मुलाचे नव्हेत, घराचे. दहा तारखेला शाळेतून लागण घेऊन आलेले मूल तेरा-चौदाला आईला ती देते, तिला लक्षणे दिसायला अठरा-एकोणीस उजाडते, आणि तिच्याकडून वडिलांकडे गेली तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. थोरला कॉलेजात, वडील कामावर, आई दुकानात आणि धाकटा तेवढा घरात, असे विलगीकरण म्हणजे चार दारे उघडी ठेवून पाचव्याला कडी लावण्यासारखे. त्याने धोका कमी होतो, पण पालकांना वाटतो तेवढा नाही.

तरी शाळेचे दार त्या डिसेंबरात सर्वांत मोठे होते. दहा-बारा वर्षांखालच्या मुलांकडून संसर्ग तुलनेने कमी पसरतो असे तोवरचे निष्कर्ष होते. किशोरवयीन मुलांबाबत मात्र त्यांचे वागणे प्रौढांसारखेच दिसत होते. १० डिसेंबरला खुद्द हॅनकॉक यांनीच सांगितले होते की लंडन, केंट आणि एसेक्समध्ये सर्वांत वेगवान वाढ ११ ते १८ या वयोगटात आहे. पाच वर्षांच्या मुलाला घरी ठेवणे आणि पंधरा वर्षांच्या मुलाला घरी ठेवणे या वैद्यकीयदृष्ट्या वेगळ्या गोष्टी होत्या. वेल्सने हे ओळखले. तिथल्या सरकारने १४ डिसेंबरपासून माध्यमिक शाळा ऑनलाइन नेल्या आणि प्राथमिक चालू ठेवल्या. इंग्लंडच्या सरकारने एवढीच सवलत दिली की शुक्रवार १८ तारीख शाळांनी हवी तर शिक्षक प्रशिक्षणाचा दिवस म्हणून घ्यावी. हेतू असा की बाधितांच्या संपर्कातल्यांना कळवण्याचे काम मुख्याध्यापकांना नाताळाच्या पूर्वसंध्येपर्यंत करत बसावे लागू नये. शिक्षकांची सोय पाहिली गेली यात वावगे काही नाही. आजीची सोय मात्र कुणाच्या टिपणात नव्हती.

मुद्दा आहे तो इथे. हजेरीच्या नियमाने पाहिले ते फक्त मुलाच्या प्रकृतीकडे. मूल स्वतः गंभीर आजारी असेल तर त्याला सूट होती. घरात केमोथेरपी घेणारी आई किंवा फुप्फुसे थकलेले आजोबा असतील तर नव्हती. त्यांच्या घरच्या मुलांनी शाळेत गेलेच पाहिजे, असे सूचनांत स्पष्ट लिहिलेले होते. करोनाचे गणित तर नेमके उलटे. वय साधारण सहा-सात वर्षांनी वाढले की मृत्यूचा धोका दुप्पट होतो. नऊ वर्षांच्या नातीसाठी तो नगण्य आणि पंच्याहत्तरीच्या आजीसाठी साधारण हजारपट. नियम नातीचे आरोग्य तपासून तिला ‘ठीक’ म्हणत होता. लंडनच्या हॅरो किंवा हाउन्सलोसारख्या भागांतल्या भारतीय घरांत तर हे अधिकच टोचणारे. आजी-आजोबा तिथे वर्षातून एकदा भेटायची माणसे नसतात. अनेकदा तेच शाळेतून मुलाला आणतात, वरणभात भरवतात आणि आई-बाबा कामावरून येईपर्यंत सांभाळतात. पुण्या-नाशकाहून सहा महिन्यांसाठी म्हणून गेलेले आणि विमाने थांबल्याने तिथेच अडकलेले कितीतरी ज्येष्ठ त्या वर्षी या घरांत होते. त्यांच्यासाठी ‘नाताळाआधीचा आठवडा’ असा वेगळा नव्हताच. प्रत्येक दुपार तीच होती.

बाकीच्या युरोपाने काय केले ते पाहण्यासारखे आहे. जर्मनीत शाळेत जाणे इतके सक्तीचे की मुलाला घरी शिकवण्याची मुभा कायदा देत नाही. तिथल्या लिओपोल्डिना या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने ८ डिसेंबरला सल्ला दिला की १४ तारखेपासून नाताळाच्या सुट्टीपर्यंत हजेरीची सक्ती उठवावी. दुसऱ्या दिवशी चॅन्सेलर अँगेला मर्केल संसदेत एरवी कधी न दिसणाऱ्या आवेगाने बोलल्या. दिवसाला ५९० मृत्यू आपल्याला मान्य नाहीत आणि नाताळाआधीच्या गाठीभेटींमुळे हा आजी-आजोबांसोबतचा शेवटचा नाताळ ठरला तर आपले काहीतरी चुकलेले असेल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया या सर्वाधिक लोकसंख्येच्या राज्यात १४ तारखेपासून सातवीपर्यंतच्या मुलांच्या पालकांना मूल घरी ठेवण्याची मुभा मिळाली, आठवीपासून पुढे शिक्षण घरून. बुधवारी, १६ तारखेला, सगळा देशच टाळेबंदीत गेला.

फ्रान्सने मधला मार्ग शोधला आणि तो मला सर्वांत कमी पटतो. तिथल्या वैज्ञानिक समितीने सुचवले होते की नाताळाला ज्येष्ठांना भेटणार असाल तर आधीचे आठ दिवस स्वतःला कोंडून घ्या. पंतप्रधान जाँ कास्तेक्स यांनी मंगळवारी, १५ तारखेला, रेडिओवर सांगितले की ज्यांना शक्य आहे त्यांनी येत्या गुरुवारी आणि शुक्रवारी मुलांना शाळेत पाठवू नये. या गैरहजेरीकडे काणाडोळा केला जाईल. सल्ला वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होता. १६ ला शेवटची शाळा, २४ च्या रात्री मेजवानी, बरोबर आठ दिवस. पण ‘ज्यांना शक्य आहे त्यांनी’ या चार शब्दांत सगळे आले. दोन दिवस आधी सांगितल्यावर कोणाला शक्य असते? घरून लॅपटॉपवर काम करणाऱ्याला. रुग्णालयात पाळी असलेल्या परिचारिकेला, बसचालकाला, मॉलच्या गल्ल्यावर बसणाऱ्या बाईला नाही. आणि ज्यांना मूल घरी ठेवणे जमत नाही त्यांच्याच घरी, तुलनेने लहान जागेत, अनेकदा आजी-आजोबाही असतात. ज्याला धोका अधिक त्याला सवलतीचा उपयोग कमी. पालकांवर सोपवून दिलेला आरोग्यविषयक निर्णय बहुधा असाच वाटला जातो.

शाळा चालू ठेवण्याच्या बाजूने बोलणारे दगडाच्या काळजाचे होते असे मुळीच नाही. इंग्लंडात चौदा लाखांहून अधिक मुले शाळेतल्या मोफत जेवणावर होती, आणि सुट्टीत ते मिळावे म्हणून फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्डला त्या वर्षी सरकारशी दोनदा झगडावे लागले. घरात मार खाणाऱ्या मुलाकडे लक्ष जाते ते बहुतेकदा शिक्षकाचे. आणि एकदा शाळा ऐच्छिक झाली की ती पुन्हा सक्तीची वाटत नाही, ही भीतीही पुढे खरी ठरली. वर्षातले दहा टक्के किंवा अधिक वर्ग बुडवणाऱ्या मुलांचे प्रमाण इंग्लंडात साथीपूर्वी अकरा टक्क्यांच्या आत होते; २०२१-२२ मध्ये ते २२.५ टक्के झाले. हा आकडा डोळ्याआड करून कोणी या विषयावर बोलू नये. पण तो नाताळाआधीच्या एका आठवड्याने आलेला नाही. तो आला दोनदा महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या शाळांमुळे. आणि दुसऱ्यांदा त्या का बंद झाल्या?

१५ डिसेंबरला ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ आणि ‘हेल्थ सर्व्हिस जर्नल’ यांनी संयुक्त संपादकीय लिहून नाताळाची सवलत मागे घ्या असे सांगितले. शंभरहून अधिक वर्षांत या दोघांनी एकत्र लिहिण्याची ही दुसरी वेळ. १६ ला पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी नाताळ रद्द करणे अमानुष ठरेल असे म्हटले. १९ ला, शाळा सुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांनी लंडन आणि आग्नेय इंग्लंडसाठी नवी चौथी श्रेणी जाहीर करून तिथला नाताळ रद्द केला आणि उर्वरित इंग्लंडात पाच दिवसांचा एक दिवस केला. तोवर कित्येक मुले वर्गात शेवटचा आठवडा पुरा करून आली होती, ज्या भेटीसाठी जपायचे होते ती भेटच गेली होती. ४ जानेवारीला अनेक प्राथमिक शाळा एक दिवस उघडल्या आणि त्याच रात्री टाळेबंदी जाहीर झाली. वर्ग पुन्हा भरले ते ८ मार्चला. २० जानेवारीला ब्रिटनमध्ये एका दिवसात १,८२० मृत्यूंची नोंद झाली, साथीच्या काळातली सर्वाधिक. चार दिवस वाचवायला निघालेल्यांनी दोन महिने घालवले. त्याचा सारा दोष शाळांच्या माथी मारता येणार नाही; आधीच्यापेक्षा सुमारे दीडपट वेगाने पसरणारा ‘अल्फा’ प्रकार तोवर सगळीकडे होता. पण सरकारने शाळा आणि मेजवानी दोन्ही देऊ केल्या, आणि दोन्ही गेल्या.

त्यातून निवड करायची वेळ आली तर? मला विचाराल तर, ज्या घरातले आजी-आजोबा वेगळे राहतात आणि धडधाकट आहेत, त्यांनी मुलाला शाळेत पाठवावे आणि भेट पुढे ढकलावी. ब्रिटनमध्ये लसीकरण ८ डिसेंबरलाच सुरू झाले होते, कॉव्हेंट्रीत नव्वद वर्षांच्या मार्गारेट कीनन यांच्यापासून. सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पहिली मात्रा देऊ करण्यात आली. म्हणजे वाट पाहायची होती ती आठ-दहा आठवड्यांची. एका जेवणासाठी मुलाची शाळा बुडवण्यापेक्षा जेवण मार्चमध्ये केले तर टर्की काही पळून जात नव्हती. पण आजोबांचे हे शेवटचे दुखणे असेल, किंवा आजी त्याच घरात राहत असेल, तर भेट पुढे ढकलण्याची सोय नसते. अशा घराने मूल घरी ठेवले तर तो निर्णय समंजस होता, आणि त्यावर दंडाची नोटीस धाडणारा कायदा आंधळा होता.

आता आपल्याकडे वळू, कारण आपण याच्या नेमके उलट टोकाला होतो. २०२० ची दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यात होती, १६ तारखेला भाऊबीज. राज्य सरकारने नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबरपासून उघडायला परवानगी दिली. आधी सण, मग शाळा; सणात लागण झालीच तर ती बरीचशी त्या आठवड्यात उघडी पडावी, असा क्रम. तो योगायोगाने साधला की विचाराने, देव जाणे, पण इंग्लंडपेक्षा बरा होता. पालकांचे लेखी संमतीपत्र घ्यायचे होते आणि हजेरीची सक्ती नव्हती. मुंबई महापालिकेने तर दिवाळी संपताच शाळा ३१ डिसेंबरपर्यंत बंदच राहतील असे सांगून टाकले. इंग्लंडात पालकाला दंड, आपल्याकडे पालकाची सही. शिक्षण हक्क कायद्याचे दहावे कलम मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य मानते, पण ते न केल्याबद्दल शिक्षा सांगत नाही. त्यामुळे आजीसाठी मूल घरी ठेवणे आपल्याकडे कधी गुन्हा ठरलाच नाही.

मग आपण जिंकलो? पहिलीचे वर्ग महाराष्ट्रात भरू लागले ते डिसेंबर २०२१ मध्ये, वीस महिन्यांनी. मुलाला घरी ठेवण्याची किंमत किती, हा प्रश्न आपण विचारलाच नाही, कारण ठेवणारे पालक नव्हते, सरकारच होते. मोबाइल नसलेल्या घरातले मूल त्या वीस महिन्यांत अक्षरे विसरले. एकत्र कुटुंबात आजी रोजच्या रोज धोक्यात आहे, तेव्हा तिच्यासाठी शाळा कायमच बंद ठेवा, हे उत्तर आठ दिवसांच्या प्रश्नाला वीस महिने देणारे होते.

पुढची साथ येईल तेव्हाही ती गणपती, दिवाळी, ईद किंवा नाताळ पाहून थांबणार नाही. १८९७ च्या साथरोग कायद्याखाली ऐनवेळी आदेश काढण्यापेक्षा शिक्षण विभागाने आणि आरोग्य विभागाने एक साधी गोष्ट आत्ताच लिहून ठेवावी. साथ चढती असताना मोठ्या सणाआधीचा आठवडा सर्वांसाठीच सुट्टीचा, आणि तो उन्हाळ्यातून भरून काढायचा. आठवडा हलवायचा, बुडवायचा नाही. सगळ्यांनाच सुट्टी असल्याने कामावर जाणाऱ्या आईला रजा मागायला कारण मिळते आणि बसचालकाच्या मुलालाही ते आठ दिवस मिळतात. थोरल्या मुलांपासून सुरुवात, बालवाडी सर्वांत शेवटी. हजेरीपटावर ‘घरात जोखमीची व्यक्ती’ असा वेगळा रकाना, ज्याला डॉक्टरांच्या एका चिठ्ठीपलीकडे काही लागू नये. आणि त्या आठवड्याचा पोषण आहाराचा तांदूळ-डाळीचा वाटा मुलांच्या हातात आदल्या शनिवारीच पडायला हवा.